सुवार्ता सांगणं ही माझीही जबाबदारी आहे का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी लहानपणापासून मंडळीत आहे, बाप्तिस्मा घेतला आहे, नोकरी करतो. आमचे पाळक सांगतात की सुवार्ता सांगणं ही प्रत्येक ख्रिस्ती माणसाची वैयक्तिक जबाबदारी आहे, आणि आपण गप्प राहिलो तर त्या माणसाच्या नाशाचा जाब देव आपल्याला विचारील. मला बोलता येत नाही. कामावरचे बहुतेक सहकारी वेगळ्या श्रद्धेचे आहेत. मी प्रामाणिकपणे वागतो, कुणाचं वाईट करत नाही. एवढं पुरेसं नाही का? आणि नसेल, तर मी नक्की करायचं काय?"

हो, जबाबदारी तुमची आहे. ती पाळकांच्या गळ्यात बांधून मोकळं होता येत नाही. पण ही जबाबदारी सांगण्याची आहे, कुणाला ख्रिस्ती करण्याची नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस एक तर भीतीनं मुका होतो, नाहीतर समोरच्याच्या मागे हात धुऊन लागतो. मंडळ्यांमध्ये सामान्य विश्वासणाऱ्यांना साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल इतरांना सांगायला, शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. दोन्ही तऱ्हेची माणसं मला सतत भेटतात, आणि दोघांच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच गोंधळ असतो.

आधी जबाबदारी कुठून येते ते पाहू. मत्तय २८ मधली येशूची शेवटची आज्ञा तुम्हाला पाठ असेल: जा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या आणि मी तुम्हाला जे आज्ञापिलं ते सगळं पाळायला शिकवा. ही आज्ञा फक्त अकरा प्रेषितांना होती, असं म्हणणारे लोक पूर्वीही होते. विल्यम केरी यांनी १७९२ साली या म्हणण्याला दिलेलं उत्तर मला आजही बिनतोड वाटतं. केरी तेव्हा इंग्लंडमध्ये एका बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते आणि त्याआधी जोडे शिवून पोट भरत. त्यांचा मुद्दा असा, की आज्ञा प्रेषितांपुरती मानायची तर बाप्तिस्मा देण्याची आज्ञाही त्यांच्यापुरतीच मानावी लागेल, आणि "युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे" हे वचनही त्यांच्याबरोबरच संपलं असं म्हणावं लागेल. वचन स्वतःसाठी ठेवायचं आणि आज्ञा मात्र अकरा जणांकडे परत पाठवायची, हे चालत नाही. शिवाय "मी आज्ञापिलेलं सगळं पाळायला शिकवा" यात ही आज्ञाही आलीच. म्हणजे जो शिष्य झाला, त्याच्याकडे ती आपोआप पोचते.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे उपदेशात सहसा कुणी वळत नाही. डोंगरावर येशूला पाहून शिष्यांनी नमन केलं, पण काहींना संशय वाटला, असं मत्तय स्पष्ट लिहितो. संशय वाटणाऱ्यांना बाजूला काढून येशूनं उरलेल्यांनाच पाठवलं, असं मात्र तो लिहीत नाही. तुमचा विश्वास अजून कच्चा आहे म्हणून तुम्ही थांबला असाल तर हे वाक्य तुमच्यासाठीच आहे.

आता पहिल्या मंडळीत प्रत्यक्षात काय घडलं ते पाहा. स्तेफनाच्या वधानंतर यरुशलेमेत छळ सुरू झाला आणि प्रेषितांखेरीज सगळे पांगले. प्रेषित शहरात राहिले, आणि जे पांगले ते वचनाची सुवार्ता सांगत फिरले, असं प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये आहे. म्हणजे त्या लाटेत सुवार्ता बाहेर नेणारे लोक प्रेषित नव्हतेच. पुढे अकराव्या अध्यायात कुप्र आणि कुरेने इथली काही माणसं अंत्युखियाला पोचतात आणि यहुदी नसलेल्या हेल्लेण्यांशीही बोलू लागतात. जगाच्या इतिहासात फरक पाडणारी ही घटना, आणि त्या माणसांची नावंही हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं दिलेली नाहीत. शिष्यांना "ख्रिस्ती" हे नाव प्रथम मिळालं ते याच शहरात.

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात केल्सस नावाच्या ग्रीक विचारवंतानं ख्रिस्ती लोकांवर टीका लिहिली. तिचा मूळ ग्रंथ हरवला, पण ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानानं तिसऱ्या शतकात त्याचं खंडन करताना लांबलचक उतारे दिले, म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. केल्ससची एक तक्रार अशी, की लोकरीचे कारागीर, जोडे शिवणारे, कपडे धुणारे, असली अडाणी माणसं घराघरांत जाऊन ही शिकवण पसरवतात. त्यानं हे हिणवण्यासाठी लिहिलं. मला मात्र ती आपल्या बाजूची उत्तम नोंद वाटते. त्या काळी मोठ्या सभा, व्यासपीठं, ध्वनिक्षेपक काही नव्हतं. आपलं काम करता करता ओळखीच्या माणसाशी बोलणारे लोक होते.

ही शिकवण कुठल्या एका पंथाची नाही. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढलं. इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांच्या १९७४ च्या लोझान करारात संपूर्ण मंडळीनं संपूर्ण सुवार्ता संपूर्ण जगापर्यंत न्यावी असं म्हटलं आहे. बाकी अनेक बाबतींत एकमेकांशी न पटणारी माणसं या मुद्द्यावर एकत्र येतात.

तरीही इथं मला थोडं थांबवावंसं वाटतं. नव्या करारातली पत्रं सलग वाचा. सामान्य विश्वासणाऱ्यांना "बाहेर पडा आणि प्रचार करा" असे थेट हुकूम त्यांत फार थोडे सापडतील. पौल लोकांना सांगतो की आमच्यासाठी प्रार्थना करा, बाहेरच्यांशी सुज्ञपणे वागा, तुमचं बोलणं कृपायुक्त आणि मिठानं रुचकर केलेलं असावं, म्हणजे कुणाला कसं उत्तर द्यावं ते तुम्हाला कळेल (कलस्सै ४). पेत्र सांगतो की तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला सिद्ध राहा, पण सौम्यतेनं आणि आदरानं (१ पेत्र ३:१५). यातून दिसतं ते असं, की प्रत्येकानं पौल व्हावं अशी पौलाचीही अपेक्षा नव्हती. प्रत्येकानं उत्तर द्यायला तयार असावं आणि प्रश्न उठतील असं जगावं, ही मात्र होती.

म्हणूनच तुमच्या प्रश्नातलं ते जाब विचारण्याचं वाक्य मला टोचलं. ते यहेज्केल ३३ मधल्या पहारेकऱ्याच्या दाखल्यावरून येतं: पहारेकऱ्यानं तलवार येताना पाहूनही कर्णा वाजवला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याच्याकडून घेतला जाईल. हा उतारा गंभीर आहे, त्याची धार बोथट करू नये. पण ती नेमणूक एका संदेष्ट्याची, इस्राएल घराण्यासाठी होती. पौलानं ती भाषा इफिसच्या मंडळीतल्या वडीलजनांपुढे स्वतःच्या सेवेबद्दल वापरली. मंडळीतल्या बुजऱ्या बाईला किंवा नव्यानं विश्वास ठेवलेल्या मुलाला त्या भाषेनं झोडपावं, असं शास्त्रात कुठंही नाही. आणि अनुभवानं सांगतो, अपराधीपणाच्या ओझ्याखाली दिलेली साक्ष समोरच्याला लगेच ओळखू येते. आपल्याशी बोलणारा माणूस आपल्यासाठी बोलत नसून स्वतःचा हिशेब चुकता करतो आहे, हे कुणालाही कळतं. पाळकांबद्दल मनात अढी धरू नका. त्यांची तळमळ खरी असेल. फक्त त्या वाक्याच्या धाकानं तोंड उघडू नका.

"मला बोलता येत नाही" याचं उत्तर इफिस ४ मध्ये आहे. काही जण सुवार्तिक म्हणून दिले गेले, असं पौल म्हणतो; म्हणजे ते दान सगळ्यांना नाही. पण लगेच पुढे म्हणतो की ही माणसं दिली ती पवित्र जनांना सेवेच्या कार्यासाठी सिद्ध करायला. रोम १२ मध्ये दान देणं हेही एक कृपादान म्हटलं आहे. म्हणून ज्याला ते दान नाही त्यानं गरजूला काहीच द्यायचं नाही, असं आपण म्हणत नाही. साक्षीचंही तसंच. काहींना अनोळखी माणसाशी सहज बोलता येतं, त्यांनी ते करावं. तुमच्या वाट्याला कदाचित आयुष्यभरात मोजक्याच माणसांशी मनापासून केलेली संभाषणं येतील. तेवढ्यानंही तुमची जबाबदारी पार पडते.

भीतीबद्दल एवढंच सांगतो की ती वाटणं पाप नाही. करिंथला आपण दुर्बळ, भयभीत आणि थरथरत आलो होतो, हे पौलानं स्वतः लिहिलं. तुरुंगातून इफिसकरांना प्रार्थनेची विनंती करताना त्यानं सुटका मागितली नाही, धैर्यानं बोलता यावं हे मागितलं. जे आपल्यापाशी भरपूर आहे ते कुणी मागत बसत नाही.

आता "चांगलं वागणं पुरेसं नाही का" या प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न आळसाचा आहे असं मी मानत नाही. त्याला शास्त्राचा आधारही आहे. १ पेत्र ३ च्या सुरुवातीला विश्वास न ठेवणाऱ्या पतींच्या स्त्रियांना पेत्र सांगतो की ते तुमचं निर्मळ वर्तन पाहून, शब्दावाचून जिंकले जातील. काही नात्यांत बोलून बोलून शब्दांचं वजन संपलेलं असतं. तिथं गप्प राहून प्रेम करणं हीच साक्ष. पण आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्या, हे वाक्यही याच अध्यायातलं आहे. पेत्राला दोन्ही हवं आहे. नुसतं वागणं लोकांना तुमच्यापर्यंत आणतं आणि तिथंच सोडतं. तुम्ही पैशाला चोख आहात, अडचणीत धावून जाता, हे पाहून लोक म्हणतील, "माणूस फार चांगला आहे." ख्रिस्तानं माझ्यासारख्या पापी माणसाला क्षमा केली, हे तुमच्या चोख व्यवहारावरून कुणाला कसं समजणार? उलट ख्रिस्ती माणूस म्हणजे मुळातच सज्जन, असा चुकीचा निष्कर्ष निघण्याचीच शक्यता जास्त. "सुवार्ता गाजवा, गरज पडली तरच शब्द वापरा" हे वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर सर्रास सांगितलं जातं. त्याच्या लेखनात ते कुठंही नाही. कृतीनं उपदेश करा असं तो आपल्या बंधूंना सांगे हे खरं, पण तो स्वतः गावोगाव तोंडानं उपदेश करत हिंडला.

मग नक्की काय करायचं? पहिली गोष्ट, तीन-चार माणसांची नावं रोजच्या प्रार्थनेत घ्यायला लागा. त्यांना "मिळवण्यासाठी" नव्हे, त्यांच्या अडचणींसाठी. ज्याच्यासाठी आपण मनापासून प्रार्थना करतो त्याच्याशी आपण वेगळं वागायला लागतो, त्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकायला लागतो. निम्मं काम इथंच होतं.

दुसरी, आपली गोष्ट नीट सांगता यायला हवी. चार-पाच मिनिटांत, साध्या भाषेत. योहान ९ मधल्या जन्मांध माणसाला धर्मपुढाऱ्यांनी दोनदा बोलावून उलटतपासणी घेतली.  तेव्हा तो आधी एवढंच म्हणाला की येशू पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. गरसेकरांच्या प्रदेशातल्या भूतग्रस्ताला तर येशूनं आपल्याबरोबर येऊ दिलं नाही. "आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं ते सांग," असं म्हणून त्याला परत पाठवलं (मार्क ५). ज्याला कालपर्यंत साखळदंडांनी बांधत होते, तो मंडळीचा सभासदही नव्हता, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं.

लहानपणापासून मंडळीत असलेले लोक इथं अडतात. "माझ्या आयुष्यात असं नाट्यमय काही घडलंच नाही." तीमथ्याच्याही घडलं नव्हतं. त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, आणि पौल त्याचा उल्लेख कौतुकानं करतो. ज्या घरात प्रार्थना होती तिथं वाढून तुम्ही काय पाहिलंत, तो विश्वास केव्हा फक्त आईवडिलांचा न राहता तुमचा झाला, आज कोणत्या प्रसंगी ख्रिस्ताशिवाय तुमचं चाललं नसतं, हे सांगा. पूर्वीची पापं रंगवून सांगायची गरज नाही. काही ठिकाणी साक्षी ऐकताना मला येशूपेक्षा दारूच जास्त लक्षात राहिली आहे.

आणि मंडळीतली भाषा गाळा. "रक्तानं धुतलो गेलो", "अभिषेक मिळाला", "तारण झालं" ही वाक्यं आपल्याला गोड वाटतात. उपासनेला कधीच न आलेल्या माणसाला त्यांतून काहीही कळत नाही, कधी कधी भीतीच वाटते. मंडळीबाहेरच्या एखाद्या मित्राला आपली साक्ष ऐकवा आणि कुठं कळलं नाही ते विचारा.

पण नुसता स्वतःचा अनुभव म्हणजे सुवार्ता नव्हे, हे कृपया लक्षात ठेवा. शांती मिळाल्याचा, आजार बरा झाल्याचा अनुभव इतर श्रद्धांची माणसंही प्रामाणिकपणे सांगतात. पौल करिंथकरांना सुवार्ता म्हणून जे सांगतो त्यात त्याचा अनुभव शेवटी येतो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला आणि पुष्कळांना दिसला (१ करिंथ १५). तुमची गोष्ट इथपर्यंत पोचली पाहिजे. एका बैठकीत पोचेल असं नाही, पण वर्षानुवर्षं फक्त "मला बरं वाटतं" यावरच ती अडकून राहिली तर आपण येशूबद्दल अजून काही सांगितलंच नाही असं समजा.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. फिलिप्प कूश देशाच्या अधिकाऱ्याच्या रथाजवळ जातो, तेव्हा तो माणूस यशया वाचत असतो. फिलिप्प आधी विचारतो, "वाचता ते समजतं का?" आणि मग त्याच उताऱ्यापासून सुरुवात करतो. आपण बहुधा उलट करतो. उत्तर तयार असतं आणि प्रश्न कोणता आहे हे ऐकायला वेळ नसतो. समोरच्याला देवावर राग असेल, आई नुकतीच गेली असेल, ख्रिस्ती माणसानंच त्याला फसवलं असेल. प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून होते. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणा, आणि खरंच विचारून सांगा.

कामाच्या ठिकाणाबद्दल तुम्ही खास विचारलं आहे. तिथं माझं मत कडक आहे. पगाराचा वेळ कामाचा आहे. तो साक्षीसाठी वापरणं ही चोरीच, आणि अशा साक्षीला किंमत राहत नाही. सुट्टीच्या वेळात, मैत्रीत, विचारल्यावर जरूर बोला. हाताखालच्या माणसाशी मात्र आपण होऊन विषय काढू नका. त्याची बढती तुमच्या हातात आहे. तो मान डोलावेल, आणि ती मान कशासाठी डोलली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. ज्याला पैसे उसने दिलेत त्याच्या बाबतीतही हेच. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची तर आधी त्याची परवानगी घ्या. दुसऱ्यांच्या मुलांशी आईवडिलांच्या नकळत हा विषय नको. ही माझी एकट्याची नियमावली नाही. २०११ साली वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून साक्षीच्या आचरणाबद्दल शिफारशी काढल्या. लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेणं, आमिष दाखवणं ख्रिस्ती साक्षीला शोभत नाही, आणि मन पालटणं हे शेवटी पवित्र आत्म्याचं काम आहे, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे.

दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल तर अजिबात नको. अथेनै शहर मूर्तींनी भरलेलं पाहून पौलाचा जीव आतून तळमळला, पण भाषणाची सुरुवात त्यानं त्या लोकांची धर्मनिष्ठा मान्य करून केली. इफिसमध्ये दंगल झाली तेव्हा पौलाच्या सोबत्यांच्या बाजूनं बोलला तो शहराचा अधिकारी: या लोकांनी देवळं लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. बाहेरच्या माणसाकडून अशी ग्वाही आपल्याबद्दल मिळेल का, याचा विचार व्हॉट्सअपवर काहीही पुढे ढकलण्याआधी करावा.

कुणी नको म्हटलं तर थांबा. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूनं त्याच्यावर प्रीती केली होती असं मार्क सांगतो, आणि तरीही तो त्याच्या मागे धावला नाही, अट सैल केली नाही. त्याला जाऊ दिलं. नकारानंतर तुमची मैत्री पातळ झाली, तर ती मैत्री आधीपासूनच गळाला लावलेलं आमिष होती असं समोरचा समजेल, आणि त्याचं बरोबर असेल.

घरच्यांना सांगणं सगळ्यात अवघड. येशूच्या सेवेच्या काळात त्याच्या सख्ख्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान ७:५). पुनरुत्थानानंतर तो त्यांतल्या याकोबाला दिसला आणि मग ते भाऊ शिष्यांबरोबर प्रार्थनेत दिसतात. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. त्या आल्या त्या स्वतःच्या वाटेनं, स्वतःची खात्री पटल्यावर. घरच्यांसाठी वर्षं लागतात असं धरून चाला. ते तुम्हाला थकलेलं, चिडलेलं, चुकलेलं सगळं पाहतात, म्हणून तिथं उपदेशापेक्षा "माझं चुकलं" या शब्दांना जास्त वजन असतं.

आणि एक दिवस कुणी खरंच म्हणालं, "मलाही येशूच्या मागे जायचं आहे," तर घाई करू नका. आनंद होईल, लगेच फोटो काढावासा, मंडळीत जाहीर करावंसं वाटेल. ते टाळा. त्याच्याबरोबर बसून एखादं शुभवर्तमान पूर्ण वाचा. मार्क सगळ्यात छोटं आहे. त्याला काय सोडावं लागेल, घरचे काय म्हणतील, हे त्यालाच मोकळेपणानं बोलू द्या. २०११ च्या त्या शिफारशींतही विचार आणि तयारीसाठी पुरेसा वेळ आणि पूर्ण व्यक्तिस्वातंत्र्य हवं, असं म्हटलं आहे. पाळकांशी ओळख करून द्या, पण स्वतः बाजूला होऊ नका. पहिल्या काही उपासनांना त्याच्या शेजारी बसा, गीत कुठल्या पानावर आहे ते दाखवा, कधी उभं राहायचं ते सांगा, आणि घरी गेल्यावर त्याला काय खटकलं ते विचारा.